न देणाऱ्याची खुर्ची

"एकटी येऊ नकोस गं. त्याला घेऊन ये."

आईचा हा आवाज वरच्या मजल्याच्या खिडकीतून यायचा, दिवस कलताना, खाली खेळणाऱ्या पोरांच्या कल्ल्यातून वाट काढत. दुसऱ्या पोरांना त्यांच्या त्यांच्या नावानं हाका यायच्या. ताईला जणू नावच नव्हतं. 'त्याला घेऊन ये' हेच तिचं नाव. मग ती रंगात आलेला डाव तिथंच टाकायची, धाकट्याला कुठल्या तरी भिंतीमागून हुडकून काढायची आणि त्याचा चिकट, मातकट हात धरून जिना चढायला लागायची. त्याचे पाय आखूड आणि रुसवा लांब. दर पायरीवर एकदा बसून घ्यायचा. वर आई हातातलं काम न सोडता आपल्याच मनचं काहीबाही जुळवून म्हणत असायची :

पुढं लेकीची पावलं, मागं लेकाची पावलं,
एका हाकेच्या दोरीनं दोघां बांधून ठेवलं.

आई जाऊन खूप वर्षं झाली. त्या खिडकीत आता दुसऱ्या कुणाचे पडदे. ताईच्या कानशिलांवर पांढरं आलं, धाकट्याला टक्कल पडलं, तरी घरात तो 'बारकू'च राहिला. आईचा तो आवाज मात्र कणभरही म्हातारा झाला नव्हता. अलीकडे तर तो भलत्याच ठिकाणी यायला लागला होता. कामावर, भर दुपारी, माणसांनी भरलेल्या दालनात.

कामावर म्हणजे विज्ञान संग्रहालयात. तळमजल्यावर एक गोल दालन होतं. भिंतीच्या कडेनं काचेची कपाटं, त्यांत मेणाचे अवयव, औषधात ठेवलेले नमुने, आणि मधोमध वर्तुळात मांडलेल्या साध्या लाकडी खुर्च्या. दर रविवारी दुपारी ताई तिथं येणाऱ्या पाहुण्यांना वादाला बसवायची. प्रयोगशाळेत वाढवलेलं मांस खावं का? पृथ्वीवरून नाहीसं झालेलं जनावर पुन्हा जन्माला घालावं का? बाळ जन्मायच्या आधीच त्याची जनुकं दुरुस्त करावीत का? लोक आधी बुजायचे, मग बोलायचे, मग हमरीतुमरीवर यायचे आणि शेवटी एकमेकांचे फोन नंबर घेऊन घरी जायचे. "आमच्या ताईंना भांडणं लावायचा पगार मिळतो," असं भावजय सगळ्यांना सांगायची. "आमच्याकडे सगळे हे काम फुकट करतात."

त्या दालनाची एक आपली रीत होती. वर्तुळात तीन-चार खुर्च्या मुद्दाम रिकाम्या ठेवायच्या. ज्यांच्या अंगावर हा निर्णय पडणार, पण जे इथं येऊन बोलू शकत नाहीत, त्यांच्या त्या खुर्च्या. जन्माला न आलेल्या बाळाची खुर्ची. नाहीशा झालेल्या जनावराची खुर्ची. कुणीही पाहुण्यानं उठावं, त्या खुर्चीत बसावं आणि तिच्या वतीनं बोलावं. मात्र बसला की 'मी' म्हणूनच बोलायचं. 'त्या बाळाला वाटत असेल' चालत नसे. 'मला वाटतं' म्हणायचं. कुणाला नवी खुर्ची हवीशी वाटली तर ती मांडायलाही मुभा होती. फक्त मांडलेली खुर्ची रिकामी ठेवून चर्चा मिटवायची नाही. कुणीच बसलं नाही, तर सूत्रधारानं बसायचं.

सूत्रधार म्हणजे ताई. आणि सूत्रधाराला स्वतःचं मत नसतं. असलं तरी ते भुवईच्या केसातसुद्धा दिसता कामा नये. ताईचा चेहरा या कामात इतका मुरला होता, की संग्रहालयाच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, नव्या लोकांना शिकवायला तिच्याकडे बोट दाखवायच्या. "बघा. ताईंच्या मनात काय चाललंय ते त्यांच्या आईलासुद्धा कळलं नसतं."

ताई तेव्हाही नुसती हसायची.

या मोसमाचा विषय मोठ्या बाईंनीच ठरवला. जनुकं बदललेल्या डुकराच्या अंगात वाढलेली किडनी माणसाला बसवावी का? "सगळीकडे हीच चर्चा आहे," त्या म्हणाल्या, "आणि इथल्या इस्पितळातसुद्धा प्रयोग सुरू होतोय. जमेल ना?" ताई म्हणाली, "जमेल की." चेहरा कोरा. टेबलाखाली हाताची बोटं एकमेकांना घट्ट धरून बसली होती.

कारण त्या प्रयोगात जी मोजकी माणसं घेणार होते, त्यांत बारकू होता.

बारकूच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या त्याला आता दुसरा हिवाळा लागला होता. दिवसाआड डायलिसिस. त्यासाठी जोडून घेतलेली डाव्या हातावरची शीर फुगून दोरखंडासारखी झालेली. तिच्यावर हात ठेवला तर आत मांजर गुरगुरल्यासारखं लागायचं. पाणी घोटभर प्यायचं, तेही भीत भीत. तहान अगदीच सोसवेना तेव्हा तो बर्फाचा खडा तोंडात धरायचा. "लोक पाणी पितात, मी चघळतो," म्हणायचा. त्याचा हा असाच स्वभाव. दुखलं की विनोद करायचा, आणि विनोद जितका पाचकळ तितकं जास्त दुखत असणार, हे ताई ओळखून होती.

भावजयीला साखरेचा आजार, म्हणून तिची किडनी चालणार नव्हती. आईवडील नव्हते. राहिली ताई. ती कळलं त्याच दिवशी म्हणाली होती, "माझी घ्या. त्यात विचारायचं काय?" तपासण्या झाल्या. जुळली. अशी जुळली की तपासणी करणारी मुलगी खुशीत तिच्या कानाशी म्हणाली, "तुम्ही दोघं जुळी तर नाही ना हो?"

मग शेवटी एका वेगळ्या डॉक्टरांनी तिला एकटीला खोलीत बोलावलं. हे डॉक्टर रोग्याचे नव्हते, देणाऱ्याचे होते. तिथली पद्धतच तशी होती. त्यांनी दार लावलं आणि विचारलं, "आता इथं तुमच्या-माझ्याशिवाय कुणी नाही. मनापासून तयार आहात?"

ताईनं हो म्हणायला तोंड उघडलं. हो आलं नाही. तिचे गुडघे थरथरायला लागले. तिला वाटलं, खोलीत गारठा आहे. मग दात वाजायला लागले. डॉक्टरांनी पाण्याचा पेला पुढे केला. कुणी तिला अडवलं नव्हतं, कुणी घाबरवलं नव्हतं. नवरा म्हणाला होता, तुझ्या भावासाठी आहे, तू ठरव. मुलगी परगावी स्थिरावलेली. कारण असं काहीच नव्हतं. नुसती भीती होती, भिंतीतून ओल झिरपावी तशी आतून वर चढणारी.

"नाही म्हणायचा तुम्हाला पुरता हक्क आहे," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "आम्ही घरच्यांना इतकंच सांगतो, की दाता म्हणून योग्य नाहीत. कारण सांगत नाही. कधीच नाही."

बाहेर बाकावर बारकू आणि भावजय बसलेले. भावजय उठली. "काय म्हणाले?"

आणि तिथं ताई डॉक्टरांच्या शब्दांच्याही एक पाऊल पुढे गेली. "जुळत नाही गं," ती म्हणाली. आणि रडायलाच लागली.

बारकूनं उठून तिला जवळ घेतलं. तिची पाठ थोपटत म्हणाला, "अगं, बरं झालं. तुझी किडनी तुझ्यासारखीच असणार. माझ्या पोटात बसून दिवसभर मलाच शिकवलं असतं तिनं."

तेव्हापासून हे असं चाललं होतं. सुरुवातीला ताईनं स्वतःला समजावलं, की मिळेल कुणाची तरी. मिळाली नाही. मग हा प्रयोग आला, आणि त्याची पहिली अटच अशी, की ज्याला घरातून किडनी मिळू शकते त्याला यात घेणार नाहीत. बारकूला घेतलं. त्याच्या निवडीच्या पायाखालचा दगड ताईचा खोटा शब्द होता. सोमवारी त्याला सही करायला बोलावलं होतं. त्याआधी बोलली नाही, तर आपल्या एका थापेवर पाय ठेवून भाऊ अशा ठिकाणी उतरणार, जिथं पाणी किती खोल आहे हे डॉक्टरांनाही नक्की माहीत नाही. आणि बोलली, तर? पुढचं तिला दिसायचंच नाही. बारकूचा चेहरा कसा होईल, इथपर्यंत यायची आणि मागं फिरायची.

आणि शुक्रवारी त्याचा फोन आला.

"ताई, रविवारी तुझ्या भांडणात मी येतोय."

"मुळीच नाही."

"का? डुकराची किडनी घ्यावी का, म्हणून लोक तावातावानं बोलणार, आणि जो घेणार तो घरी बसणार? हे म्हणजे नवरदेवाला सोडून वरात."

"बारकू, नातेवाईकांना बसवत नाही आम्ही. मला नीट चालवता यायचं नाही."

"मग मी तुझा कुणी नाही. तिकीट काढून येतो. तू मला ओळखू नकोस, मी तुला ओळखत नाही. मला ऐकायचंय गं. डॉक्टर सगळं गोड गोड सांगतात. अनोळखी माणसं काय म्हणतात ते सोमवारच्या आधी एकदा ऐकू दे."

त्याला नाही म्हणायची सगळी उमेद ताईनं त्या डॉक्टरांच्या खोलीतच खर्च केली होती. ती म्हणाली, "ये."

रविवारी दालन भरलं. ताईनं कपाटातली मेणाची किडनी मधल्या तिपाईवर आणून ठेवली. तीन खुर्च्या रिकाम्या मांडल्या. एक डुकराची. एक शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरची. तिसरी शेजाऱ्याची, कारण डुकरातला एखादा विषाणू माणसात शिरला, तर तो शेजाऱ्याचंही दार वाजवणार. निळा शर्ट घालून बारकू आला आणि अगदी तिच्यासमोरच्या खुर्चीत बसला. लांब बाह्या, शीर झाकलेली. तिच्याकडे बघून त्यानं परक्या माणसासारखी मान लववली. त्या नाटकाची त्याला मजा वाटत होती, हे त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात दिसत होतं.

सुरुवात बरी झाली. कॉलेजात शिकणारी एक मुलगी पटकन उठून डुकराच्या खुर्चीत बसली. "मला कुणी विचारलं नाही," ती म्हणाली. "मला स्वच्छ जागेत ठेवलं, चांगलं खायला घातलं, कधी ओरडले नाहीत. मला वाटलं, हे प्रेम आहे."

मग डॉक्टरच्या खुर्चीत एक निवृत्त मास्तर जाऊन बसले. त्यांनी आयुष्यभर वर्ग शांत केले होते, त्यामुळे त्यांना घसा खाकरला की पुरे. "मी रोज माणसं मरताना बघतो. रांगेत उभी राहून मरतात. कुणीतरी आधी धाडस केल्याशिवाय नंतरची वाचत नाहीत. पण ज्याला मी पहिल्या काहींत घेतो, त्याच्या बायकोच्या डोळ्यांकडे मी बघत नाही."

शेजाऱ्याच्या खुर्चीत बसलेल्या बाईंनी थेट जाहीर केलं, की त्या घर विकून दुसरीकडे जाणार. त्यावर एक टॅक्सीवाला म्हणाला, "काकू, घर विकताना गिऱ्हाईकाला खरं कारण सांगाल का?" आणि हशा पिकला.

हशा ओसरायच्या आत बारकू बोलला. कुठल्याच रिकाम्या खुर्चीत न जाता, आपल्याच जागेवरून.

"मी रोगी आहे," तो म्हणाला. "खराखुरा. मला ही किडनी बसवणार आहेत."

सगळ्या माना वळल्या. ताईचा सवयीनं आवाज निघाला, तोच सपाट, तोच गोड. "आपण सांगितलंत, आभारी आहोत. निळ्या शर्टातल्या दादांना कुणाला काही विचारायचंय?"

कॉलेजातल्या मुलीनं विचारलं, "दादा, तुम्हाला डुकराबद्दल काय वाटतं?"

"वाईट वाटतं. आणि बाई, खरं सांगू? रात्री बर्फाचा खडा चघळताना वाईट वाटत नाही. तेव्हा नुसती तहान लागते."

टॅक्सीवाला अस्वस्थ झाला होता. तो पुढे वाकला. "बाई, माझी एक शंका. तुम्ही डुकराची खुर्ची मांडली, शेजाऱ्याची मांडली. मधली एक राहिली की. डुकरापर्यंत जायच्या आधी माणूस घरात विचारतो ना? भाऊ, बहीण, आतेभाऊ, मामेभाऊ. ज्याची जुळते आणि जो देत नाही, त्याची खुर्ची कुठंय?"

"बरोबर," मास्तर म्हणाले. "ती हवीच."

"मांडा, मांडा," शेजारीणबाई म्हणाल्या. "बघू तरी, त्याचं काय म्हणणं आहे."

रीत म्हणजे रीत. ताई भिंतीकडे गेली, एक खुर्ची उचलली आणि वर्तुळात आणून ठेवली. खुर्ची हलकी होती. तिचे हात मात्र जड झाले होते.

"कोण बसतंय?" तिनं विचारलं.

कुणी हललं नाही. मघापासून उड्या मारून बोलणारी माणसं आपापल्या बुटांकडे बघायला लागली. "तुम्हीच बसा की," कुणीतरी टॅक्सीवाल्याला म्हणालं. तो म्हणाला, "छे हो. आमच्यात एक चुलता असा निघाला होता. त्याचं तोंड मला उसनं घ्यायचं नाही."

आणि बारकू उठून उभा राहिला. आवाजात थोडी घाई होती, पाठीशी घातल्यासारखी. "एक सांगतो. माझ्या घरात ती खुर्ची रिकामीच राहणार. माझी एक बहीण आहे. सगळ्यांत आधी तीच पुढे आली. जुळली नाही, तर माझ्यापेक्षा तीच जास्त रडली. सगळ्या घरांत तसे चुलते नसतात."

ताईच्या कानात गरम वारा शिरल्यासारखं झालं. त्यात आईचा आवाज आला, खिडकीतून यायचा तसाच.

"बाई," मास्तर सौम्यपणे म्हणाले, "कुणी बसलं नाही तर तुम्ही बसायचं, असं तुम्हीच मघाशी सांगितलंत."

सांगितलं होतं खरं. ताई खुर्चीत बसली. हात मांडीवर ठेवले. गेली कित्येक वर्षं ती अशा खुर्च्यांत बसत आली होती. जनावर होऊन, बाळ होऊन, कधी जंगल होऊनसुद्धा. दोन-चार बेताची वाक्यं बोलायची आणि उठायचं. तशीच वाक्यं तिनं मनात जुळवली. पण 'मी' म्हटलं आणि ती वाक्यं कुठल्या कुठे गेली.

"मी... माझी जुळली," ती म्हणाली. "तपासणारे म्हणाले, किती नशीबवान. मीही हसले. मी वाईट माणूस नाहीये. तो लहान असताना त्याला खांद्यावर घेऊन मी वाट तुडवली आहे. तो पाण्यात पडला असता तर मी मागचा-पुढचा विचार न करता उडी टाकली असती. पण उडीला वेळ लागत नाही. इथं मला वेळ दिला. विचार करा म्हणाले. धडधाकट असताना स्वतःच्या पायांनी चालत जायचं, आडवं व्हायचं, आणि कुणीतरी आपल्याला उघडायचं. मी विचार केला आणि माझे गुडघे मोडले."

दालनात कुणाचा तरी फोन थरथरला आणि लगेच बंद झाला.

"तुम्ही कारण विचाराल. मोठं कारण असतं, तर मी ताठ मानेनं सांगितलं असतं. मला भीती वाटली. बस. आणि लाज वाटली म्हणून मी खोटं बोलले. आता तो हसला की मला भीती वाटते, गप्प बसला तरी वाटते. फोन वाजला की वाटते. जे मी दिलं नाही ते त्याला एक जनावर देणार आहे. त्या जनावराला तर कुणी विचारलं नव्हतं. मला विचारलं होतं."

ती थांबली. तिला समोर बघवत नव्हतं. आता तो उठेल, आता काहीतरी म्हणेल, आता सगळं संपेल, असं वाटून तिनं डोळे मिटले. मनाचा एक कोपरा तर हात जोडून त्याची वाटच बघत होता.

आणि टाळ्या पडल्या.

टाळ्या! शेजारीणबाई डोळे पुसत होत्या. टॅक्सीवाला म्हणाला, "बाई, तुम्ही नाटकात असायला हव्या होत्या. आमचा चुलता हे ऐकता तर त्यालाही स्वतःची दया आली असती." मास्तरांनी मान डोलवली आणि म्हणाले की त्यांचं मत थोडं हललं, खरोखर हललं. समोर बारकू टाळ्या वाजवत होता. सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. डोळ्यांत कौतुक मावत नव्हतं त्याच्या.

ताई उठली. चेहरा आपोआप कोरा झाला. त्या क्षणी तिला किती हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची किती शिसारी आली, ते तिचं तिलाच ठाऊक. उरलेली चर्चा तिनं कशी आवरली ते तिला आठवेना. दारातून ऐकत उभ्या राहिलेल्या मोठ्या बाई जाताना तिचा दंड दाबून म्हणाल्या, "अप्रतिम. पुढच्या रविवारपासून ही खुर्ची कायमची ठेवू या. दर वेळी असंच बोला."

लोक पांगले. दारवान वरच्या मजल्यावरचे दिवे मालवत होता, त्याच्या चपलांचा आवाज लांबून येत होता. ताई खुर्च्या एकात एक रचायला लागली. पाठीमागून बारकू आला आणि त्यानंही एक उचलली.

"आता ओळखलं तर चालेल का बाईंना?"

"ठेव ती. उचलायचं नाहीस तू काही."

"अगं, हलकी आहे." त्यानं ती रचून ठेवली आणि दुसरी घेतली. "ताई, काय बोललीस गं! तुला सांगू, त्या बाईचा मला असा राग आला. असा राग! जी तू झाली होतीस ना, तिचा. वाटलं, उठावं आणि एक ठेवून द्यावी. नाही द्यायची तर देऊ नकोस बाई, कोण जबरदस्ती करतंय? पण त्याच्या तोंडावर खोटं? तो तिकडं जनावराच्या भरवशावर चाललाय आणि ही बसलीय रडत." मग तो हसला. "मग नीट बघितलं, तर ही तर आपली ताई. राग कुठं ठेवू कळेना."

ताईच्या हातातली खुर्ची खुर्चीत बसेना. पाय पायात अडकत होते. तिनं ती तशीच जमिनीवर टेकवली.

"काय ऐकायला आला होतास, ते मिळालं का?" तिनं विचारलं. स्वतःचा आवाज तिला दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटला.

"मिळालं बहुतेक." बारकूनं खिशातून रुमाल काढून टक्कल पुसलं. तो विनोद शोधत होता, आणि सापडत नव्हता. असं त्याला ताईनं फार क्वचित बघितलं होतं. "मास्तर म्हणाले ना, ते बायकोच्या डोळ्यांबद्दल. ते बसलं इथं." त्यानं छातीवर बोट टेकवलं. "मी घाबरलोय, ताई. घरी बोललो नाही. तिच्यासमोर मी डुकराचे आवाज काढून दाखवतो. ती हसते, मग आत जाऊन नळ सोडून रडते, मला ऐकू येतं. तिकडं इस्पितळातही मी सगळ्यांत हसरा रोगी. पण पहिल्या काहींत म्हणजे काय गं? म्हणजे त्यांनाही माहीत नाही. उद्या सही केली की मागं फिरायला तोंड राहणार नाही."

"मग नको करूस सही."

"आणि काय करू? दुसरं आहे काय?" तो अगदी साधेपणानं म्हणाला, तक्रार केल्यासारखा नाही. "उद्या परत विचारणार आहेत, घरात कुणी आहे का. मी सांगणार, बहीण होती, तिनं सगळं करून बघितलं. ते सांगताना मला बरं वाटतं बघ. निदान आपलं माणूस कमी पडलं नाही."

बाहेरच्या व्हरांड्यातून दारवानानं हाक दिली, "ताई, झालं का? बंद करू?"

"थांबा जरा," ताई म्हणाली.

बारकू पुढच्या खुर्चीला हात घालायला वाकला. तिनं त्याचं मनगट धरलं. बाहीखाली ती शीर गुरगुरत होती, जिवंत, घाईत. त्यानं चमकून वर बघितलं. तिचा चेहरा तिला आवरत नव्हता. इतक्या वर्षांचा कमावलेला कोरेपणा ओल्या भिंतीच्या पोपड्यासारखा सुटून पडत होता, आणि ते तो बघत होता.

"ताई? काय गं? पाणी आणू का?"

"बस."

"अगं, पण..."

"बस म्हणते ना, बारकू."

तो बसला. ती उभीच राहिली. मनगट सोडलं तर आपण पळून जाऊ, म्हणून ते तिनं सोडलं नाही.

"मघाशी मी दुसऱ्या कुणाचं बोलत नव्हते," ती म्हणाली. "जुळली होती, बारकू. पहिल्याच तपासणीत. डॉक्टरांनी नाही... मीच नको म्हणाले."